गृहभेटीआधी पालकांच्या हाती एक पान द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदया, स.न.वि.वि.

दत्तकासाठी नोंदणी केलेल्या घरी ‘समाजसेविका भेटीला येणार’ असा फोन आला की आधी भिंतींना रंग लागतो. पाळणा येतो. आजी-आजोबांकडून उत्तरे पाठ करून घेतली जातात. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे जोडपेही मूल दत्तक घेऊ शकते, घर मालकीचेच हवे अशी नियमात अट नाही. पण हे त्यांना भेटीआधी कुणी सांगितलेलेच नसते.

२०२२च्या दत्तक नियमावलीनुसार आवश्यक कागदपत्रे सादर झाल्यापासून ६० दिवसांत गृह अध्ययन अहवाल, म्हणजे समाजसेविका घर आणि कुटुंब पाहून लिहिते तो अहवाल, पूर्ण व्हायला हवा. गाडी अडते ती बहुधा नावावर. पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पॅनकार्डावर सासरचे, आणि लग्नाची नोंदणी केलेलीच नाही. आधी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विवाह नोंदणी उरकून घ्या, एवढे जरी कळले तरी पुढचे हेलपाटे वाचतात. शेतकऱ्याकडे पगारपत्रक कुठून येणार? त्याला तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला चालतो. ओळखीच्यांची किंवा नातेवाइकांची दोन शिफारसपत्रे लागतात. घरात पाच वर्षांवरचे मूल असेल तर त्याची संमती आणि एकल पालकाला, काही बरेवाईट झाल्यास मुलाला सांभाळण्याचे नातेवाइकाचे हमीपत्र लागते. या दोन कागदांची आठवण बहुतेकांना शेवटी होते.

खरी तयारी मात्र बोलण्याची आहे. समाजसेविका पती-पत्नीशी एकत्र बोलते, वेगवेगळेही बोलते. ‘तू दत्तक आहेस, हे मुलाला कोण सांगणार, केव्हा?’ यावर नवरा म्हणतो, ‘मोठं झाल्यावर बघू.’ आतून सासूबाई म्हणतात, ‘सांगायचंच कशाला?’ सून गप्प. या घराला मूल नको आहे असे मुळीच नाही, हा विषय तिथे पहिल्यांदाच निघालेला असतो, तोही परक्या माणसासमोर. ‘कुणाचं असेल, कुठल्या जातीचं असेल’ ही ज्येष्ठांची शंका आठवडाभर आधी घरातच बोलली गेली तर ती निवळू शकते. पढवून बसवलेले आजोबा अडखळतात आणि अहवालात तो त्यांचा विरोध ठरण्याचा धोका असतो. दिवसा मूल कोण सांभाळणार, वंध्यत्वावरचे उपचार थांबवलेत का, हे प्रश्नही येतात. पालकांनी त्यांची खरी उत्तरे आधी एकमेकांना दिलेली असावीत.

आमची मागणी साधी आहे. नोंदणी होताच हे सगळे सांगणारे मराठीतले एक पान पालकांना मिळावे. भेटीची तारीख-वेळ किमान सात दिवस आधी लेखी कळवावी. पत्ता सापडला नाही तर पालकांना फोन करावा. शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला ‘दत्तकवाले कुठे राहतात?’ असे विचारू नये. चाळीत ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते आणि मुलाला सांगण्याचा आईबापांचा हक्क मूल येण्याआधीच जातो.

गडचिरोलीहून त्याच जिल्ह्यातले सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरवर आहे. एवढ्या लांब भेटीला जाणाऱ्या समाजसेविकेला वाहन आणि प्रवासभत्ता दिल्याशिवाय ६० दिवसांची मुदत पाळली जाणार नाही. शिवाय अहवाल तीन वर्षेच चालतो, मुलाची प्रतीक्षा त्याहूनही लांबू शकते. तेव्हा अहवालाची मुदत संपायच्या तीन महिने आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने स्वतःहून पालकांना फोन करावा, असे परिपत्रक आपण काढावे.

आपले,
दत्तक पालकांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते