घमेलेवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

वेताळ टेकडीवर पहाटे येणारे सगळे तुम्हाला ‘घमेलेवाले काका’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय. नाव विचारलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या हातात फावडं दिलंत.

पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे ही टेकडी, पण बाबांना माथा कधी नकोच होता. त्यांना जुन्या खाणीपर्यंत जायचं असायचं, पाण्यावरचे पक्षी बघायला. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच पावसाळ्यात पहिल्या चढाचा मुरूम वाहून गेला. ज्वारीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखी वाट. बाबा एकदा आले, खालूनच परतले, म्हणाले, “झालं तेवढं पुरे.” मग गॅलरी आणि पेपर.

मी अर्ज घेऊन हिंडलो. एका कार्यालयात कळलं की ती जागा त्यांच्याकडे येत नाही. दुसरीकडे कळलं की ती पहिल्यांकडेच येते. मधे एक मंडळी टी-शर्ट आणि बॅनर घेऊन येऊन झाडं लावून गेली. रोपं फेब्रुवारीपर्यंत वाळली, बॅनर मात्र टिकला.

तुम्ही पहार मारत होतात. मी तुम्हाला कुठल्यातरी खात्याचे समजून सगळा राग तुमच्यावर काढला. (त्याबद्दल माफी राहिलीच आहे.) तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, “चढताना बाबा कुठला पाय आधी टाकतात?”

मला सांगता येईना. जन्मभर एका घरात राहतोय त्यांच्याबरोबर. घरी जाऊन जिन्यात उभा राहिलो आणि बघितलं: चढताना डावा, उतरताना उजवा, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून थांबतात. पुढच्या रविवारी त्या चढावर काळे दगड बसलेले होते. उंची नेहमीच्या पायरीच्या निम्मी, आणि रुंदी दोन पावलं शेजारी शेजारी मावतील इतकी. बाबा वर गेले. खाणीपाशी टिबुकली दिसली म्हणून घरी येईपर्यंत तेच सांगत होते.

दगड काय, पैसे देऊन कुणीही बसवून देईल. पण तो प्रश्न, काका! हल्ली माणसं मदत करतात ती आपल्या सोयीने. समोरच्याचा पाय कुठे पडतो ते बघायला कोण वाकतं? तुमच्यासारखी दोन-चार माणसं आहेत, म्हणून त्या टेकडीवर अजून चालता येतं.

“पहिल्या वळणापासून सालईच्या झाडापर्यंतचं आता तुमचं,” असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. तेव्हा थोडा वैतागलो होतो, खरं सांगतो. पण वाट पाण्याने जाते, आणि पाणी बाजूच्या गवतात वळवलं की टिकते, हे तुम्ही दाखवल्यावर पटलं. मोठी सर आली की तिरप्या लावलेल्या दगडांमागचा गाळ मी काढतो. शॉर्टकट मारणाऱ्या पोरांवर ओरडतोसुद्धा, तुम्ही ओरडत नाही तरी.

रविवारी येतो. घमेलं माझं मी आणतो. बाबा थर्मासमधून चहा आणणार आहेत. स्वतः बिनसाखरेचा पितात, तुम्हाला कसा लागतो ते विचारून ठेव म्हणालेत.