वर काढायचे तर वरूनच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनावर नाल्यात, विहिरीत किंवा चेंबरमध्ये पडले की गर्दीतला एखादा शर्ट काढून थेट खाली उतरतो. त्याच्या काळजाला मानलेच पाहिजे, पण पहिली चूक बहुतेक वेळा तीच असते. एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत मांजर वाचवायला शेणाच्या जुन्या विहिरीत एकामागोमाग उतरलेली पाच माणसे दगावली. आपल्याकडच्या सेप्टिक टाक्या आणि मलवाहिन्यांची चेंबरे याहून निराळी नाहीत. त्यांत साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी दबून असतो आणि गाळ ढवळला की उसळतो. तडफडणारे जनावर गाळच ढवळत असते. कुजक्या अंड्यांचा वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वायू जास्त झाला की नाकच बधिर होते. पेटता दिवा सोडून पाहण्याची जुनी युक्तीही घातक आहे. दिव्यावरून फार तर प्राणवायू आहे की नाही ते कळते, आणि आत मिथेन असेल तर भडका उडतो. तेव्हा 101 ला फोन करा, झाकण उघडे ठेवा, लोकांना मागे हटवा.

मांजरासाठी तर माणूस उतरण्याची गरजच नसते. भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधा, आत गोणपाट अंथरून सोडा. किंवा गोणपाट गुंडाळलेली फळी तिरकी लावा, म्हणजे नखे रुततात. मग सगळ्यांनी बाजूला व्हायचे. डोकावणारी वीस तोंडे दिसत असतील तर मांजर कोपरा सोडत नाही.

कुत्र्याच्या गळ्यात दोर अडकवून ओढले तर नाल्यातून वर येईपर्यंत ते गुदमरते. सरकफास डोके आणि एक पुढचा पाय यांतून घ्यावा, म्हणजे भार छातीवर तिरका येतो. खाली जाळे सरकवता आले तर उत्तमच. वर आल्यावर तोंड बांधायचे तर तीन-चार फुटांची सुती पट्टी पुरते: नाकाडावर वेढा, हनुवटीखाली गाठ, टोके कानामागे. ओकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला मात्र बांधू नये. चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

सर्वाधिक हाल गाई-म्हशींचे होतात. तीन-चारशे किलोंचे धूड दहा जणांनी शिंगांना दोर लावून हलत नाही. शिंग तुटते किंवा मान मुरगळते. हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन मागवा. पट्टे चार ते सहा इंच रुंद हवेत, जुना अग्निशमन होजही चालतो. एक पट्टा पुढच्या पायांमागे, दुसरा मागच्या पायांपुढे, पण कासेवर नाही. दोन्ही पट्टे एकमेकांना बांधले नाहीत तर उचलताना सरकतात आणि जनावर उलटे होते. म्होरकीचा (तोंडाभोवती बांधलेल्या दोरीचा) दोर फक्त डोके वळवायला, ओढायला नाही. डोळ्यांवर फडके टाकले की गाय निवते. वर आल्यावर तिला आडवी पडू देऊ नका, पोट फुगून दगावते. दोन्ही बाजूंना पोती लावून छातीवर बसवा. दमलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतणे तर अजिबात नको, ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकासाठी 1962, वन्यजीव असेल तर वन विभागाचा 1926.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे भरती. ठाण्याचे आणि नवी मुंबईचे नाले खाडीला मिळतात. ओहोटीला गाळावर शांत उभे असलेले कुत्रे चार तासांनी पोहत असते. म्हणून आधी भरतीची वेळ पाहावी, मग क्रेनची वाट पाहायची की नाही ते ठरवावे. पावसात विजेच्या खांबाजवळ जनावर पडलेले दिसले तर वीजपुरवठा तोडल्याशिवाय हातही लावू नये.

दोन्ही महापालिकांना एक विनंती. नाल्यांना दुतर्फा सरळसोट काँक्रीटच्या भिंती बांधल्या, त्यामुळे आत पडलेल्याला बाहेर यायला वाटच राहिली नाही. ठरावीक अंतरावर खडबडीत पृष्ठभागाचा उतार ठेवावा, दोन-तीन फूट रुंद असला तरी पुरे. गाळ काढणाऱ्या मजुरांनाही तो उपयोगी पडेल. आणि प्रत्येक अग्निशमन केंद्रात रुंद पट्ट्यांची एक जोडी, एक जाळे आणि दोन क्रेट कायम तयार असावेत.

— काही प्राणिमित्र, नौपाडा, ठाणे