ऐकणार कोण, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी आमच्या घरी साउंड सिस्टीम बसवून झाल्यावर आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही हातानंच थांबवलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. चार लोकांनी वाचावं अशीच इच्छा आहे.

पहिलीच साउंड सिस्टीम घ्यायची आणि हातात पैसे मोजके, अशा गिऱ्हाईकाला कसं वागवतात ते तुमच्या आधी मी पुरेपूर अनुभवलं होतं. बजेट सांगितलं की समोरच्याचा उत्साह मावळतो. मग खोक्यावरचा वॉटचा भलामोठा आकडा पुढे केला जातो. हा आकडा पीएमपीओ की आरएमएस, एवढं विचारलं की विषय बदलतो. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद; ती मोजायची एक ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे तो आकडा हवा तेवढा फुगवता येतो. सलग किती ताकद मिळणार याचा अंदाज आरएमएसवरून येतो, पण ते सांगायची तसदी कोण घेतो! एका ठिकाणी, आईला सिनेमातले शब्द नीट लागत नाहीत असं म्हटल्यावर तिच्या तोंडावर उत्तर आलं, "या वयात असंच व्हायचं, आवाज वाढवा." आई काही बोलली नाही. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "ऐकणार कोण?" दुसरा, "बसणार कुठे?" पैशांचं नंतर विचारलंत, आणि आकडा ऐकून "भागेल की यात" एवढंच म्हणालात. ते तीन शब्द ऐकून मला किती हायसं वाटलं, ते तुम्हाला कळलंही नसेल. पाचही स्पीकर एकदम हलक्या प्रतीचे घेण्यापेक्षा रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा डबा, 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडता येणारा) घ्या आणि आत्ता समोरचे तीनच नेटके बसवा, खर्जासाठीचा सबवूफर आणि मागचे दोन जमेल तेव्हा, असा तुमचा सल्ला. सगळं एकाच खोक्यातलं, कंपनीच्या स्वतःच्या पिनांचं घेतलं की पुढे एखादा भाग बदलायचा म्हटलं तरी अडतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि मधल्या स्पीकरवर मात्र काटकसर करू दिली नाहीत, कारण संवाद बहुतेक त्यातूनच येतात.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं. जोडणी झाली, आवाज आला, तुमचं काम तिथं संपलं होतं. तुम्ही निघाला नाहीत. आईच्या खुर्चीत जाऊन बसलात आणि खांदे खाली घेत घेत तुमचा कान तिच्या कानाच्या उंचीला आणलात. नुसत्या बोलण्याचा एखादा प्रसंग लावायला सांगितलात. थोडं ऐकलंत, उठलात, टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकलेला स्पीकर कडेपर्यंत पुढे ओढलात. खोक्याचाच पुठ्ठा फाडून घडी केलीत आणि त्याच्या पुढच्या कडेखाली सारलीत. पुन्हा खुर्चीत. पुन्हा उठून आणखी एक घडी. आणि हे का, ते मला नाही, आईला समजावलंत: "वहिनी, वय झालं की आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ ही अक्षरं तिथलीच. म्हणून आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. त्यात हा ट्वीटर, वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, तुमच्या गुडघ्यांशी बोलत होता. आता तोंडाकडे बघून बोलेल."

आईनं पडद्यावरचं पुढचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "काय म्हणाला रे?" असं विचारणं तिनं कधीच सोडून दिलं होतं, नुसती चित्रं बघत बसायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

काका, या विषयातलं कळणारे पुष्कळ भेटले. वॉट, ओहम, डेसिबल तोंडपाठ असलेले. पण ज्याला ऐकायचंय त्याच्या जागी जाऊन बसावं, असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. हा चांगुलपणा कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो, आणि तो नसला की महागातलं यंत्रही परकंच वाटतं. तुमच्यासारखी माणसं गाजावाजा न करता असं करून जातात, म्हणून तर अनोळखी माणसाला काही विचारायचा धीर होतो.

पुठ्ठ्याची घडी अजून तिथंच आहे. रबराची पाचर आणूया म्हटलं, तर आई हात लावू देत नाही.

तुम्ही लिहून दिलेला कागद जपून ठेवलाय: सबवूफर आला की क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झपासून सुरू करून बघायचा, मागचे स्पीकर समोरच्या रेषेपासून साधारण 110 अंशांवर, कानाच्या थोडे वर. पैसे साठताहेत. वायरी मी ओढून ठेवीन, पण कान तुमचेच लागतील. तेव्हा यायचं, आणि या वेळी घाईनं निघायचं नाही, असं आईनं बजावून सांगितलंय.

तुमचा ऋणी