चौदाव्या दिवसापासून पुढे

सदाशिव पेठ, पुणे
२० जुलै २०२५

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण तू जे विचारलंस ते दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला, जूनमध्ये अहमदाबादचं विमान पडलं, आणि तीनच दिवसांनी आपल्याकडे कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल कोसळला. ‘एवढं सगळं बघून तू रोज सकाळी देवापुढे उभा राहतोस, तेव्हा त्याच्याशी बोलतोस तरी काय?’ असं तू लिहिलंस. खोचक आहे, पण तुझंच आहे म्हणून गोड मानून घेतलं.

बोलत काहीच नाही रे. पूर्वी जाब विचारायचो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीहून आल्यावर तर काही वर्षं तेवढंच करत होतो. आठवतंय ना, मंडळाच्या ट्रकमधून घोंगड्या घेऊन गेलो होतो ते? गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, गावंच्या गावं जमिनीला मिळाली. येताना तू ट्रकच्या फाळक्याला टेकून म्हणालास, ‘ज्याला रात्री निरोप दिला, तो पहाटे कुठे होता?’ माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. पण तिथे एक बुवा भेटले होते, त्यांच्याकडे होतं. पाप वाढलं होतं म्हणे! दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं वजनदार माळवद. ते अंगावर आलं म्हणून माणसं गेली, हे आपल्यासमोर पडलेलं होतं. देवाची बाजू सावरायला मेलेल्यांना पापी ठरवणारी श्रद्धा मला तेव्हाही नको होती. विमान पडल्यावर लोकांच्या पत्रिका काढून बसणारे पाहिले की अजूनही तोच संताप येतो.

मग उरतं काय, असं तू विचारशील. आमच्या गावाकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. आणणारी बाई ‘असं का झालं’ हे सांगत बसत नाही. ताट पुढे सारते, नुसती बसून राहते, जाताना भांडी घासून जाते. माझ्या लेखी श्रद्धेचं काम तेवढंच आहे. का झालं हे कळल्यावाचून पुढचं काम हातात घ्यायला बळ लागतं, आणि ते मला देवापुढे दोन मिनिटं उभं राहून मिळतं. तुला ते दुसरीकडून मिळत असेल तर माझी काही तक्रार नाही. सावित्रीबाई फुल्यांनी कर्मकांड कधीच झुगारलं होतं, पण निर्मिकावर, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्यावर, विश्वास होता. प्लेगात मुंढव्याकडच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेतलं आणि आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं. त्याच लागणीने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांची श्रद्धा कुठल्या खात्यात टाकायची, तूच सांग.

पण कडू घास हा पहिल्या दिवसाचा. आपल्या देशाला तो उत्तम जमतो. मेणबत्त्या, मूक मोर्चे, डीपी काळा करणं, जुन्या कपड्यांचे ढीग (किल्लारीच्या रस्त्याकडेला चिखलात पडलेले आपण पाहिलेच). चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं की मांडव रिकामा. त्यानंतरची माणसं मला मोठी वाटतात. शांतिलाल मुथ्थांनी भूकंपातली सुमारे १२०० मुलं पुण्यात आणली. त्यांच्या भारतीय जैन संघटनेने मुलांना नुसतं जेवू घातलं नाही, वर्षानुवर्षं ठेवून घेतलं, शिकवलं. परवा १२ जुलै झाली. पानशेतचं धरण फुटलं त्याला ६४ वर्षं झाली. आई त्या वेळचं सांगते, तेव्हा पाण्यापेक्षा नंतरच्या गाळाचंच जास्त सांगते: कोण कोण फावडी घेऊन आलं आणि कोण आठवडाभराने पुन्हा आलं.

आता तुझ्या पत्रातल्या रागाबद्दल. पहलगामला २६ जण गेले, त्यातले दोघे आपल्या पुण्याचे. राग मलाही आला, तो येऊ नये असं मी म्हणणार नाही. पण त्या २६ जणांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक काश्मिरी घोडेवालाही होता, हे तुझ्या पत्रात कुठे नाही. सरहद संस्थेमुळे कितीतरी काश्मिरी मुलं पुण्यात शिकतात. त्या दिवसांत त्यांच्या आयांना तिकडे झोप लागली असेल का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फतवा आला, हिवाळ्यात तो काश्मिरी शालीवाला आला तर गेटवरूनच परत पाठवा. मी लिहिलं की तो आमच्याकडे येईल, चहा पिईल आणि ज्यांना शाल बघायची असेल त्यांनी आमच्याकडे यावं. दोघांनी ग्रुप सोडला. सुमन म्हणाली, ‘बरं झालं, पार्किंगची भांडणं तरी कमी होतील.’

एक व्यवहाराचं सांगतो. अपघाताची बातमी आली की आपण सगळे रक्त द्यायला धावतो. चांगलंच आहे, पण रक्त साठवलं तरी साधारण ३५ दिवसच टिकतं. एकदमच सगळे आले तर पुढच्या महिन्यात पिशव्या कमी पडतात. मे महिन्यात तर कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, तुटवडा ठरलेलाच. म्हणून मी आता बातमीवर जात नाही, मे महिना कॅलेंडरवर खूण करून ठेवलेला असतो.

पुढची माझी पाळी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी. तेव्हा नाशिकहून येणार असशील तर कळव, दोघं मिळून जाऊ. देवळात चल म्हणत नाही. वयाची सबब मात्र सांगू नकोस, पासष्टपर्यंत घेतात.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश