वेस्टच्या नळीचं तोंड

जळगाव, १४ एप्रिल

प्रिय दिलीप,

काय भो, कसं शे? वहिनींना नमस्कार.

आरओ भिंतीवर चढला आणि आता फिटिंगवाला सिंकखालच्या वळ्यावळ्यांच्या पांढऱ्या पाईपला भोक पाडून वेस्टची, म्हणजे मशीनचं टाकाऊ खारं पाणी नेणारी, नळी त्यात खुपसायची म्हणतोय, असं तू लिहिलंस. त्याला आधी थांबव. पाव इंची नळी कुठंही ढकलली तरी पाणी जातं, हे खरं. पण तिचं तोंड हवेत मोकळं पाहिजे. पाण्यात बुडालेलं नको, पाईपात ठासलेलं तर नकोच. सिंक तुंबलं की उष्ट्या भांड्यांचं पाणी त्या पाईपात वर चढतं आणि ठासलेली नळी त्यात बुडते. मग तो तेलकट चिकटा नळीतून मशीनकडं सरकू लागतो. शिवाय वळ्यांच्या पाईपावर क्लॅम्पची (नळी जोडायला पाईपाभोवती आवळायच्या पट्ट्याची) रबरी गादी सपाट बसतच नाही, थेंबथेंब गळून खालचं प्लायवूड फुगतं.

क्लॅम्प लावायचाच तर गुळगुळीत, कडक पीव्हीसी पाईप हवा, आणि तोही ट्रॅपच्या (पाणी धरून वास अडवणाऱ्या वाकड्या पाईपाच्या) आधीच्या उभ्या भागावर. भोक ६-७ एमएमचं. भोक आणि गादीचं छिद्र समोरासमोर येतंय ना, हे त्यातून खिळा घालून बघायचं. दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळायचे, एकच कचकचून आवळला तर पाईप तडकतो. नळी आत सेंटिमीटरभरच. जास्त शिरली की भाताची शितं आणि भाजीची देठं तिथंच अडकतात. ट्रॅपच्या पुढं भोक पाडलं तर गटाराचा वास नळीवाटे घरात येतो.

तुझ्या ओट्याला मी क्लॅम्प सुचवणार नाही. सोपं आणि बिनधोक म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात उभा पाईप, वर नरसाळं, आणि नरसाळ्याच्या काठापासून निदान २५ एमएम वर नळीचं तोंड. इथं बहुतेक जण एक चूक करतात. नरसाळं दिसू नये म्हणून ते सिंकखाली लपवतात. उभा पाईप आणि सिंक खाली एकाच पाईपात मिळतात, म्हणजे मोरी तुंबली की दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी चढते. सिंक भरायच्या आधीच कपाटात पूर! म्हणून नरसाळ्याचा काठ सिंकच्या काठापेक्षा इंचभर तरी वर पाहिजे. आणि उभा पाईप सिंकच्या ट्रॅपच्या आधीच जोड, नाहीतर नरसाळ्यातून झुरळं येतील.

नळी ब्लेडनं काटकोनात काप, तिरकी कापली तर पुश-फिट एल्बोत, म्हणजे नळी नुसती दाबून बसवायच्या काटकोनी जोडात, गळते. टोकापासून १५ एमएमवर पेनानं खूण कर आणि खूण आत जाईपर्यंत दाब. वळणावर नळी मुडपू नकोस, एल्बो वापर. दर फुटाला एक क्लिप, आणि उतार सलग. मधे पोट सुटलं की त्यात पाणी साचतं आणि रात्री गुडगुड ऐकू येते. नळी बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर आपल्याकडच्या उन्हात पांढरी नळी दोन उन्हाळ्यांत कडक पडते आणि आत हिरवं शेवाळ धरतं. केळीच्या बागेतली १६ एमएमची जुनी लॅटरल, ठिबकची नळी, पडली असेल ना? ती वरून आवरणासारखी घाल. साधीच घे. इनलाइन लॅटरलमध्ये ड्रिपर आत बसवलेले असतात, नळी तिथं अडकते.

आता पाण्याचा हिशेब. मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार गाळणाऱ्या पडद्याच्या नळकांड्यावर, ७५ जीपीडी (दिवसाला गॅलन) लिहिलं असेल तर कागदावर ताशी सुमारे १२ लिटर शुद्ध पाणी, मिनिटाला २०० मिली. त्यासोबत ४५० चा एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, असतो. तो वेस्टला मिनिटाला ४५० मिली सोडतो, ताशी २७ लिटर. म्हणजे १२ लिटरची टाकी एकदा रिकामी होऊन भरली की २७ लिटर वेस्ट. हे पाणी वापरायला साठवायचं म्हणून नळीखाली बादली ठेवशील तर ती रात्री भरून स्वयंपाकघरात तळं होईल. ५० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेव. काठाच्या दोन इंच खाली भोक पाडून त्यात ग्रोमेट (रबरी कडं) बसवून १६ एमएमची लॅटरल मोरीपर्यंत उतारानं ने, म्हणजे जादा पाणी आपोआप जाईल. नळीचं तोंड इथंही त्या भोकाच्या पातळीच्या वरच ठेव.

हे २७ लिटर बघून कुणी तरी नळीला छोटा कॉक लावून अर्धा बंद करायला सांगेलच. लावू नकोस. वेस्टचं पाणी मेम्ब्रेनवरचे क्षार धुऊन नेतं. ते अडवलं की क्षार तिथंच बसतात, शुद्ध पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) चढतो आणि काही महिन्यांत मेम्ब्रेन कचऱ्यात. तुझ्या बोरचा टीडीएस ९०० आहे, तिथं हे लवकर होईल. (५०० च्या आत असता तर आरओ घेऊच नको म्हटलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे तेवढा स्वीकारार्हच आहे.)

९०० चं पाणी मशीनमधून गेलं की वेस्टचा टीडीएस १२५० च्या आसपास जातो. फरशी, संडास, भांड्यांचा पहिला हात, एवढं चालतं. कुलरमध्ये मात्र चुकूनही ओतू नकोस. कुलर पाणी उडवून टाकतो आणि क्षार मागं ठेवतो, मग पॅडवर पांढरी खपली धरते, पंपाची जाळी चोंदते. तुळशीला रोज घातलं तर कुंडीतल्या मातीवर मीठ फुटतं.

जोडणी झाली की मोजपात्र आणि घड्याळ घे. मशीन दहा मिनिटं चालू दे, मग वेस्टचं एक मिनिटाचं पाणी माप. ४०० ते ५०० मिली आलं तर ठीक. ७०० च्या वर आलं आणि शुद्ध पाणी मात्र कमी, तर एफआर चुकीचा किंवा खराब. २५० च्या खाली आलं तर नळी मुडपली आहे किंवा एफआर चोंदलाय. मग टाकी भरून मशीन थांबल्यावर पुन्हा बघ. नळीतून धार चालूच राहिली तर दोष नळीचा नाही, सोलेनॉइड वॉल्व्हच्या, म्हणजे मशीन थांबलं की पाणी तोडणाऱ्या विजेच्या झडपेच्या, पडद्यात कचरा अडकलाय. तो उघडून धुतला की बहुधा भागतं.

माप सकाळी लवकर घे. पाणी एक अंश तापलं की मेम्ब्रेनमधून सुमारे तीन टक्के जास्त पाणी सुटतं, आणि थोडा टीडीएसही चढतो. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं असतं, तेव्हाचे आकडे फसवतात. बहुतेक मेम्ब्रेनची सोसण्याची हद्द ४५ अंश आहे. आखाजी (अक्षय तृतीया) होईपर्यंत तरी दुपारी मशीन बंद ठेव, पहाटे टाकी भरून घे.

नरसाळं लावायच्या आधी सिंकच्या काठाची जमिनीपासूनची उंची आणि भिंतीतल्या पाईपाचं माप कळव, टी (तीन तोंडांचा जोड) कोणत्या मापाची घ्यायची ते सांगतो.

तुझा,
सुभाष