ती फ्लाइंग बोट प्रवासी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत मुंबई बंदरातल्या फ्लाइंग बोटीचे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे, १९२७ चे छायाचित्र आले आहे. त्याखाली 'इंपीरियल एअरवेजचे प्रवासी विमान' असे छापले आहे, ते चूक आहे. इंपीरियल या ब्रिटिश विमान कंपनीची सेवा कराचीला पोहोचली ती एप्रिल १९२९ मध्ये, आणि तीही इजिप्तपासून पुढे जमिनीवर उतरणाऱ्या विमानाने. पुढे त्यांच्या मोठ्या फ्लाइंग बोटी आल्या, त्यांनीही मुंबईला वळसाच घातला. कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असा त्यांचा मार्ग होता.

चित्रातले विमान सुपरमरीन साउथॅम्प्टन आहे. दोनच इंजिने आणि शेपटीवर उभे तीन पंख, एवढ्यावरून ओळख पटते. इंपीरियलच्या शॉर्ट कलकत्ता बोटीला तीन इंजिने होती. आर. जे. मिचेल यांच्या या रचनेत इंजिने दोन पंखांच्या मधल्या मोकळ्या जागेत वेगळ्या चौकटीवर बसवलेली असत, त्यामुळे पंखांच्या सांगाड्याला हात न लावता इंजिन बदलता येई. पेट्रोलच्या टाक्या वरच्या पंखाखाली होत्या, इंधन आपल्या वजनानेच खाली उतरे. बोटीच्या पोटात पेट्रोल नाही, ही लांबच्या प्रवासात मोठी सोय.

या जातीच्या चार बोटी ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या 'फार ईस्ट फ्लाइट' या तुकडीत होत्या. क्रमांक एस ११४९ ते एस ११५२, प्रमुख ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राऊन-केव्ह. ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लंड सोडून त्या कराचीला आल्या, डिसेंबरात मुंबईमार्गे कोलंबोकडे गेल्या आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला सिंगापूरला पोहोचल्या. नंतर ऑस्ट्रेलिया, मनिला, हाँगकाँग असे करत एकूण सुमारे २७,००० मैल झाले.

या बोटींचा माग काढताना लोक बहुधा ठरावीक ठिकाणीच चुकतात. पहिली चूक स्क्वाड्रनच्या नावाने शोधण्याची. या तुकडीची २०५ स्क्वाड्रन झाली जानेवारी १९२९ मध्ये. म्हणून लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'एअर २७' मालिकेत त्या स्क्वाड्रनची रोजनिशी उघडली, तर मुंबईचा मुक्काम तिच्यात सापडणार नाही. दुसरी चूक ऑस्ट्रेलियात होते. तिथल्या हवाई दलाने स्वतःच्या दोन साउथॅम्प्टन घेतल्या होत्या, ए ११-१ आणि ए ११-२. त्यांची छायाचित्रे सर्रास फार ईस्ट फ्लाइटच्या नावाखाली फिरतात. तिसरी अडचण गावांच्या नावांची. ट्रोव्ह या संकेतस्थळावर ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रे फुकट वाचता येतात, पण 'सितवे' टाकले तर काही हाती लागत नाही. तिथे 'अक्याब' हवे. तसेच इस्कंदरुनसाठी अलेक्झांड्रेटा, पोर्ट क्लांगसाठी पोर्ट स्वेटनहॅम.

विकलेल्या बोटींचा माग इंजिनावरून लवकर लागतो. ब्रिटिश हवाई दलाची असेल तर नेपियर लायन. अर्जेंटिनाने घेतलेल्या आठांना लोरेन, तुर्कस्तानच्या सहांना हिस्पानो-सुइझा. जपानी नौदलाने एकच घेतली. तिचे पुढे प्रवासी विमान झाले, म्हणजे 'प्रवासी साउथॅम्प्टन' शोधायची तर तिथे!

हलचा, म्हणजे खालच्या होडीसारख्या भागाचा, प्रकारही बघावा. सुरुवातीच्या बोटी लाकडी. त्यांचे लाकूड साधारण ४०० पौंड पाणी पिऊन बसे. ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, हल आला तेव्हा मूळ वजनच सुमारे ५०० पौंडांनी घटले आणि पाण्याचे ओझेही गेले. खाऱ्या पाण्यात गंज धरण्याची भीती मात्र नवी आली. मुंबईला आलेल्या चारही बोटी धातूच्या हलच्या होत्या. लंडनजवळ हेंडनच्या संग्रहालयात आहे तो एन ९८९९ चा लाकडी हल. त्याचा मुंबईशी काही संबंध नाही, तो दाखला देऊ नये.

आपल्याकडे मूळ काचेची निगेटिव्ह किंवा मोठी प्रत असेल, तर हलचा मागचा भाग मोठा करून पाहावा. क्रमांक तिथे रंगवलेला असे. शेवटचा आकडा ९, ०, १ की २, एवढे वाचता आले की चारपैकी नेमकी बोट कोणती ते कळेल. पुसट छपाईत ९ आणि ० एकसारखे दिसतात, म्हणून त्याच्या आधीचा आकडाही वाचावा: तो ४ असेल तर ११४९, ५ असेल तर उरलेल्या तिघींपैकी एक.

आपला,
एक वाचक, मुंबई