चंदी आणि आपले एक जुने भांडण

फलटण,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोच मनात आहे. इकडे सर्व कुशल आहे, माझा रक्तदाब आटोक्यात आहे आणि आण्णांचा खोकला दर थंडीसारखाच चालू आहे. पत्र लिहायला बसलो ते आपल्या मैना घोडीमुळे, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही.

मैना चंदी, म्हणजे तिचा दाण्यांचा खुराक, न खाता टाकू लागली आहे. आषाढात तिच्या छातीचा घेर १७२ सेंटीमीटर होता, तो दिवाळीत १६८ भरला. घेराचा वर्ग करून त्याला अंगाच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे, हा तूच शिकवलेला हिशेब मांडला, तेव्हा ३९३ किलोची घोडी ३७५ वर आल्याचे दिसले. नुसती ठाणावर उभी राहिली तरी एवढ्या वजनाच्या जनावराला दिवसाला साडेबारा हजारांच्या आसपास किलोकॅलरी लागतात, आणि लांब पल्ल्याची मेहनत सुरू झाली की हा आकडा वीस हजारांपर्यंत जातो. सहा किलो वाळल्या गवतातून जेमतेम दहा हजार मिळतात. उरलेले सगळे चंदीतून यायचे, आणि ही बाई तीन किलोंतली निम्मी चंदी घमेल्यातच ठेवते.

तिचे ते टाकणेसुद्धा बघण्यासारखे असते. वरचा ओठ लांब करून ती ओटचा एकेक दाणा टिपते आणि भिजवलेला हरभरा बाजूला सारते. आण्णा म्हणतात, सासुरवाशीण पानातले नकोसे इतक्या हलक्या हाताने दूर करत नाही. दुपारच्या उन्हात हरभऱ्याला आंबूस वास येतो, हे ध्यानात आल्यावर मी तो दोन वेळा ताजा भिजवू लागलो, तरी फरक पडला नाही. पाव लिटर तेलात दोन हजार किलोकॅलरी असतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी चंदीवर जवळजवळ तेवढे तेल ओतले, आणि तिने दोन दिवस घमेल्याकडे तोंडच नेले नाही. घोड्याला पित्ताशय नसते. तेल दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवायचे असते. ही घाई करायला नको होती.

मग गेल्या महिन्यात आम्ही चाळीस किलोमीटरची दौड केली. वीस किलोमीटरच्या तपासणीत नाडी ६४ च्या आत यावी लागते. तिची दहा मिनिटांत ५२ वर आली आणि मला हायसे वाटले. पण डॉक्टरांनी कुशीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि आतड्यांच्या आवाजापुढे कार्डावर ‘सी’, म्हणजे आवाज कमी, असा शेरा लिहिला. घामावाटे पाणी आणि क्षार गेले आणि पोटात चारा नसला की आतडी मंदावतात, आणि तिथून पोटशूळ दूर नसतो. मी चंदीचा तोबरा पुढे धरला. तिने मान फिरवली. आणि त्याच वेळी शेजारच्या घोड्यापुढची लसूणघासाची पेंढी तिने मान लांबवून ओढली आणि अधाशासारखी खाल्ली!

डॉक्टरांनी तेव्हा विचारले, ‘पहाटे रपेटीपूर्वी काय देता?’ मी म्हणालो, काहीच नाही. दत्ता, तुला ती पागेतली सकाळ आठवत असेल. खोगीर चढवण्याआधी तू तिला लसूणघास टाकत होतास, आणि भरल्या पोटी घोडे दामटणार का, म्हणून मी मोतद्दारासमोर तुझ्यावर ओरडलो होतो. त्यानंतर तू महिनाभर पागेत आला नाहीस. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते, चारा असो वा नसो. रिकाम्या पोटी दुडकी धरली की ते हेलकावून वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उडते आणि तिथे व्रण पडतात. गवत चघळणारे पण चंदी टाकणारे जनावर दिसले की पहिला संशय व्रणांचा घ्यावा, असे डॉक्टर म्हणाले. चंदी जास्त झाली की आम्ल वाढते, आणि लसूणघासातल्या कॅल्शियमने ते काहीसे शमते. तुझे बरोबर होते. मी चुकलो होतो, आणि हे तुला लिहून कळवायचे होते.

सध्या औषधाचा तिसरा आठवडा आहे. चंदी चार वेळा विभागून देतो, एका वेळी किलोच्या आतच, तीही गवत खाऊन झाल्यावर; आणि खोगिराआधी अर्धा तास लसूणघास न चुकता. आण्णांचा गव्हाचा कोंडा मूठभरावर आणला, कारण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे. तेल सहा चमच्यांवर पोचले आहे. काल रात्री घमेल्याचा तळ चाटल्याचा आवाज आला, तेव्हा मी कंदील घेऊन बघायला गेलो.

माघात ८० किलोमीटरची दौड आहे. घेर पुन्हा १७२ भरल्याखेरीज नाव द्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. पण माझ्या मोहाची मला खात्री नाही, म्हणून टेप तू धरावास.

चिंगीची बारावी कशी चालली आहे? वहिनींची बदली रद्द झाली का? काकूंच्या गुडघ्याबद्दल सविस्तर कळव.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला निघशील तेव्हा आधी दोन दिवस इकडे ये, आणि येताना काकूंकडून जवस आण. त्या उकळून द्यायच्या तेव्हा मैनेने कधी दाणा टाकल्याचे मला आठवत नाही.

तुझा,
बाळू